शर्टावरचे चेक्स, बँकेतला चेक आणि उद्यमनगरातला चेकनट

वाचकाचं पत्र : "माझी मुलगी नववीत, सेमी इंग्रजीला आहे. शाळेनं भाषेचा प्रकल्प दिलाय : रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्या, त्याचे अर्थ आणि उगम शोधा, तक्त्यावर मांडा. तिनं 'चेक' घेतला. सोपा म्हणून घेतला आणि आता रडकुंडीला आलीय. डिक्शनरीत अर्थांची ही मोठी यादी. मोबाइलवर बघावं तर कुणी म्हणतंय शब्द संस्कृत 'चक्र'वरून आला, कुणी म्हणतंय फारसी 'चक'वरून, कुणी थेट झेक देशावरून. आमच्या वर्कशॉपमधला एकजण म्हणाला, बुद्धिबळातून आलाय. त्याला सगळे हसले. खरं काय? आठ दिवसांत तक्ता कसा करायचा? आणि माझीही एक शंका आहे. आम्ही बिलावर 'चेकनट' लिहितो, ते बरोबर इंग्रजी आहे का?" – एक पालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर :

जे हसले त्यांनी त्या गड्याला चहा पाजायला हरकत नाही. त्याचंच बरोबर आहे.

'चेक' हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरूनच इंग्रजीत उतरला. पटावर तो आला फारसी 'शाह' या शब्दातून, म्हणजे राजा. आपण बुद्धिबळात 'शह' देतो, तोच हा. मराठीनं तो फारसीकडून थेट घेतला. इंग्रजीकडे तो अरबी, लॅटिन, फ्रेंच असा लांबचा वळसा घेऊन गेला आणि वाटेत त्याचा चेहरा पार बदलला. बादशहामधला 'शहा' आणि बँकेतला 'चेक' एकाच घरचे आहेत हे मुलीला आधी सांगा. प्रकल्पाची भीती तिथंच निम्मी जाईल.

चेहरा कसा बदलला, ते नीट समजून घ्या. शिक्षक प्रश्न विचारणार तो इथंच. भारतातला 'चतुरंग' इराणात 'चतरंग' झाला, अरबांनी त्याचा 'शतरंज' केला. इराणी खेळाडू समोरच्याच्या राजावर हल्ला करताना मोठ्यानं 'शाह!' म्हणायचा. म्हणजे, तुझा राजा अडचणीत आहे, सांभाळ. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि त्यांच्याबरोबर हा खेळ भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं स्पेन आणि इटलीत पोचला. युरोपीय कानाला 'शाह'मधला शेवटचा 'ह' 'क'सारखा ऐकू आला. लॅटिनमध्ये त्याचं झालं 'स्काकुस'. जुन्या फ्रेंच बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला 'स' आणि त्याला चिकटलेलं व्यंजन उच्चारणं जड जायचं, म्हणून ते आधी एक स्वर लावायचे. आपल्याकडं खेड्यातल्या आज्या 'स्टोव्ह'ला 'इस्टो' म्हणतात, तसंच. असा 'एस्चेक' तयार झाला. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली. पुढं इंग्रजीनं हा शब्द घेतला तेव्हा पुढचं 'एस्' गळून पडलं आणि उरला 'चेक'. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात तो रुळलेला दिसतो.

ही गळती एकट्या 'चेक'ची नाही. 'एस्टेट' आणि 'स्टेट', 'एस्क्वायर' आणि 'स्क्वायर', 'एस्पेशल' आणि 'स्पेशल' या जोड्या इंग्रजीत आजही शेजारी शेजारी नांदतात. मुलीनं तक्त्याच्या कोपऱ्यात या तीन जोड्या लिहिल्या तर तिला नियम कळलाय हे दिसेल. नुसती गोष्ट पाठ केलेली आणि नियम कळलेला, यातला फरक भाषेच्या शिक्षकाला लगेच जाणवतो.

आणखी एक गंमत इथंच नोंदवून ठेवा. खेळाचं इंग्रजी नाव 'चेस' हे 'चेक'चंच अनेकवचन आहे, फ्रेंच 'एस्चेस'वरून आलेलं. म्हणजे इंग्रज लोक या खेळाला सरळ 'शहा' म्हणतात, राजे या अर्थानं. 'चेस' चतुरंगातून निघाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. खेळ चतुरंगातून निघाला हे खरं, नाव नाही. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. अरबीत 'मात' म्हणजे मेला, म्हणून 'राजा मेला' असा अर्थ पुष्कळ जण सांगतात. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि बुद्धिबळात राजा कधी मारला जातच नाही, त्याला हलायला जागा उरत नाही. म्हणून फारसी अर्थच जास्त पटतो. आपलं 'मात करणे' इथलंच. इंग्रजीतला मित्र या अर्थाचा 'मेट' मात्र वेगळा, त्याला यात ओढू नका.

आता त्या अर्थांच्या यादीकडे. तो गुंता दिसतो तेवढा नाही. पटावरून शब्दाला दोन फांद्या फुटल्या. एक फुटली शह या क्रियेतून, दुसरी पटाच्या रूपातून, म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांच्या जाळीतून. कुठलाही 'चेक' समोर आला की एवढंच विचारायचं : इथं काही अडवलं जातंय का? काही पडताळलं जातंय का? की चौकटी दिसतायत? पहिल्या दोन प्रश्नांना हो आलं तर शहाची फांदी, तिसऱ्याला आलं तर पटाची.

शहाची फांदी आधी बघू, ती जास्त पसरलीय. शह दिला की समोरच्याचे बाकीचे सगळे बेत थांबतात. त्याला राजाकडेच बघावं लागतं. त्यातून 'चेक' म्हणजे अचानक अडवणं, लगाम घालणं हा अर्थ चौदाव्या शतकातच आला. पाण्याचा वेग अडवतो तो चेक डॅम. पंपानं वर चढवलेलं पाणी उलटं फिरू देत नाही तो चेक व्हॉल्व्ह. शेतकरी त्याला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणतात, चीज तीच. क्रिकेटच्या समालोचनात 'चेक्ड ड्राइव्ह' ऐकलं असेल : फलंदाजानं बॅट पूर्ण फिरवली नाही, मध्येच रोखली. नागरिकशास्त्रातलं 'चेक्स अँड बॅलन्सेस', म्हणजे नियंत्रण आणि संतुलन, तेही इथलंच.

चेक डॅमवरून एक सावधगिरी. आपला कोल्हापुरी बंधारा मुलगी चेक डॅमच्या रकान्यात टाकेल, तर टाकू देऊ नका. चेक डॅम म्हणजे ओढ्यावरची कायमची बुटकी भिंत. पूर आला की पाणी तिच्या डोक्यावरून जातं, आणि तिचं काम मुख्यतः वेग मोडायचं, माती थांबवायचं आणि पाणी मुरवायचं. कोल्हापुरी बंधाऱ्यात खांब असतात, खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे घालून पाणी साठवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करतात. इंग्रजीत त्याला आपल्याच गावाच्या नावानं 'कोल्हापूर टाइप वेअर' म्हणतात, त्याचंच आखूड रूप केटी वेअर. तिथं 'चेक' शब्द नाही, आणि नसलेला शब्द लावायची गरज नाही.

अडवणं आणि तपासणं यांचा संबंध काय, हे मुलीला कोडं वाटेल. मधली पायरी आहे नियंत्रणाची. कारकुनावर, गोदामावर, हिशेबावर लगाम ठेवायचा तर दोन नोंदी एकमेकींशी ताडून बघाव्या लागतात. त्या ताडून बघण्यालाच 'चेक' म्हणू लागले. सतराव्या शतकापर्यंत 'पडताळून बरोबर आहे याची खात्री करणे' हा अर्थ पक्का झाला. आज हाच सगळ्यांत जास्त वापरात आहे आणि त्यामुळं तोच मूळ असावा असं वाटतं. केएमटी बसमधला चेकर, कागलच्या पुढचा कोगनोळीचा चेकपोस्ट, सीपीआर रुग्णालयातलं चेकअप, लग्नाच्या सामानाची चेकलिस्ट ही सगळी त्याची लेकरं. चेकपोस्टला तर दोन्ही अर्थ लागू पडतात. आधी अडवतात, मग तपासतात.

याच फांदीवर एक छोटी डहाळी आहे, खुणेच्या बिल्ल्याची. सामान ताब्यात दिलं की बदल्यात बिल्ला मिळायचा, त्याच्या जोडीचा बिल्ला सामानावर. दोन्ही जुळले की सामान परत. अमेरिकेत त्या बिल्ल्यालाच 'चेक' म्हणत. उजळाईवाडीच्या विमानतळावर बॅगेला चिठ्ठी लावून तिचा तुकडा तुमच्या हातात देतात आणि त्या बॅगेला 'चेक्ड बॅगेज' म्हणतात, तेव्हा ही जुनीच रीत चालू असते. 'तपासलेली बॅग' असा त्याचा अर्थ लावणं चूक.

दुसरी फांदी पटाची. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एस्चेकिए' म्हणत. त्यातून इंग्रजी 'चेकर', म्हणजे चौकटींची नक्षी. तोच शब्द आखडून कापडावरचा 'चेक' झाला. इचलकरंजीच्या मागावर चेक्स विणायचे तर ताण्यात रंगीत सुताच्या पट्ट्या आधी ठरलेल्या क्रमानं लावाव्या लागतात आणि बाण्यातही तेवढ्याच हिशेबानं रंग बदलावा लागतो. त्यासाठी एकापेक्षा जास्त धोटे आलटून पालटून चालवणारा, ड्रॉपबॉक्सचा माग लागतो. रंग नुसता ताण्यात असेल तर उभ्या पट्ट्या निघतात, चौकटी नाहीत. शर्टासाठी इंग्रजीत 'चेक शर्ट' किंवा 'चेक्ड शर्ट' लिहायचं. 'चेक्स शर्ट' हे आपल्या दुकानांतलं इंग्रजी, वहीत चालणार नाही. मोटर रेसिंगच्या शेवटी फडकतो तो काळा-पांढरा झेंडा, फुटपाथवरच्या चेकर्ड टाइल्स, आणि अमेरिकेत सोंगट्यांच्या खेळाला म्हणतात ते 'चेकर्स' याच फांदीवरचे.

तुमच्या वर्कशॉपमध्ये तर दोन्ही फांद्या एका रॅकवर सापडतील. चेकनट पहिल्या फांदीचा, कारण मुख्य नटाच्या जोडीला बसून तो त्याला सुटण्यापासून अडवतो. जिन्याच्या पायरीला लावता ती चेकर्ड प्लेट दुसरीची, कारण तिच्यावर उठावाची जाळी असते. मुलीला एक जुना चेकनट आणि प्लेटचा बोटभर तुकडा तक्त्यावर तारेनं बांधायला द्या. चित्रापेक्षा ते बरं. प्लेटच्या कडा मात्र आधी कानशीनं घासून द्या.

पटाच्या फांदीवरचं सगळ्यांत वजनदार फळ म्हणजे 'एक्स्चेकर', इंग्लंडच्या राजाचा खजिना. बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीच्या काळापासून त्याचे दाखले आहेत. त्या शतकात खजिन्याच्याच एका अधिकाऱ्यानं लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात कामाच्या टेबलाचं वर्णन आहे : सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच पट्टी, वर काळं कापड आणि त्यावर आखलेल्या रेघा. रेघांमधल्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार अशा जागा. जिल्ह्याचा अधिकारी वसूल घेऊन आला की देणं किती आणि भरलं किती हे सोंगट्या मांडून सगळ्यांसमोर दाखवायचे. शून्य न वापरता, रोमन आकड्यांच्या काळात, मोठ्या बेरजा-वजाबाक्या करायची ही पक्की सोय होती. कापड पटासारखं दिसायचं म्हणून खात्याचं नावच 'पट' पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. त्यातलं 'एक्स' मात्र नंतरच्या विद्वानांची करणी आहे. फ्रेंच 'एस्' हा लॅटिन 'एक्स'चाच अपभ्रंश असणार असं समजून त्यांनी तो सुधारला, आणि चुकीची दुरुस्ती कायमची राहिली.

राहिला बँकेचा चेक. तो दोन्ही फांद्यांच्या बेचक्यात बसतो. जन्म शहाच्या फांदीवर, पडताळणी या अर्थातून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे हुंडीची किंवा बिलाची स्थळप्रत, आपण काउंटरफॉइल म्हणतो ती. कागद फाडून दिला की उरलेला भाग दप्तरात राहायचा, आणि कागद परत आला की दोन्ही जुळवून खोटेपणा पकडता यायचा. ज्या भागानं पडताळणी व्हायची त्याचं नाव हळूहळू दिलेल्या कागदालाच चिकटलं. स्पेलिंग आधी साधंच होतं, शेवटी सी-के. क्यू-यू-ई वालं स्पेलिंग 'एक्स्चेकर'कडे बघून लावलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स गिल्बार्ट या इंग्रज बँकतज्ज्ञानं ते हट्टानं वापरलं. 'चेक'च्या इतर अर्थांशी घोटाळा नको आणि राजाच्या खजिन्याशी नातंही दिसावं, हा त्याचा विचार. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडं तेच रुळलं. 1881 च्या आपल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्येही क्यू-यू-ई आहे. अमेरिकेनं जुनं सी-के ठेवलं.

म्हणून मुलीच्या वहीसाठी नियम असा : बँकेचा असेल तर क्यू-यू-ई, तपासणं, अडवणं आणि कापड यांना सी-के. 'चेकर्ड' लिहिताना ब्रिटिश पद्धतीत पुन्हा क्यू-यू येतो. कंप्युटरवर टाइप करणार असेल तर भाषा आधी 'इंग्लिश (इंडिया)' किंवा 'इंग्लिश (यूके)' करून घ्या. अमेरिकन इंग्रजी निवडलेलं असेल तर 'चेकर्ड'चं ब्रिटिश स्पेलिंग लाल रेघेखाली येतं आणि पोरं घाबरून बरोबरचं चूक करतात.

आता मोबाइलवरच्या त्या तीन गोष्टी. 'चक्र' कानाला पटतं, पण मधल्या पायऱ्या दाखवता येत नाहीत. चक्रातून आला म्हणायचं तर लॅटिन 'स्काकुस' आणि फ्रेंच 'एस्चेक' यांच्या सुरुवातीचा 'स' कुठून आला, याला उत्तर नाही. 'चक्र'चे इंग्रजीतले खरे भाऊबंद आहेत 'व्हील' आणि 'सायकल', आवाज अजिबात न जुळणारे. झेक देशाचं नाव तिथल्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून आलंय, इंग्रजी उच्चार सारखा हा योगायोग. 'चक'चा दावा थोडा बरा आहे. फारसीत 'चक' म्हणजे करारपत्र होतं, अरबीत त्याचं 'सक्क' झालं आणि मध्ययुगातले व्यापारी असे कागद वापरत, हे सगळं खरं. पण इंग्रजीत बँकेच्या कागदाला हे नाव पडलं ते स्थळप्रतीच्या अर्थातून, आणि त्या अर्थाचे इंग्रजी दाखले सलग मिळतात. 'सक्क'पासून लंडनच्या बँकेपर्यंत तशी सलग साखळी मिळत नाही. मुलीनं हा दावा खोडू नये. 'असंही एक मत आहे, प्रमुख कोश ते स्वीकारत नाहीत' एवढं लिहावं.

दुसरा खड्डा आपल्या बाजूचा आहे. 'शह' फारसी म्हटलं की मराठीतला प्रत्येक 'शहा' तिथं नेऊन बांधायचा मोह होतो. शहाजहान आणि बादशहा बरोबर. 'शहाणा' नाही, तो 'सज्ञान'वरून. गुजराती व्यापाऱ्यांचं 'शहा' आडनाव फारसी राजाचं नाही, ते 'साधु'पासून आलेल्या 'साहु'चं रूप, सावकारामधला 'साव' तोच. आणि शहाळ्याला तर सोडूनच द्या. उलट जिथं नातं आहे तिथं ते दिसत नाही. 'शाह' ज्या जुन्या इराणी धातूतून आला त्याचा अर्थ सत्ता चालवणे. त्याच धातूतून जुन्या फारसीत राज्य या अर्थाचा एक शब्द होता, त्याचं पुढं झालं 'शहर'. आपला संस्कृत 'क्षत्र' हा त्याचा थेट भाऊ. म्हणजे 'चेक', 'शह', 'शहर' आणि 'क्षत्रिय' हे एकाच गोतावळ्यातले. यावरून 'चेक संस्कृतमधून आला' असं मात्र लिहू नये. चुलतभावाला बाप म्हणण्यासारखं आहे ते. कोल्हापुरात आणखी एक घसरगुंडी हमखास होते : 'क्षत्र' म्हटल्याबरोबर 'छत्रपती' आठवतात. तो शब्द 'छत्र' अधिक 'पती', डोक्यावर छत्र धरलेला राजा. त्याचा इथं संबंध नाही.

डिक्शनरी कशी बघायची ते मुलीला शेजारी बसवून दाखवा. शाळकरी कोशांत रोजचा अर्थ पहिला दिलेला असतो, जुना नव्हे. त्यावर विसंबलं की 'तपासणे' हा मूळ अर्थ ठरतो आणि पुढचं सगळं उलटं मांडलं जातं. मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आणि मेरियम-वेब्स्टर अर्थ जुन्याकडून नव्याकडं लावतात. फुकटात बघायचं तर एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ शाळेच्या कामाला पुरेसं आहे. तिथं एक चूक टाळा. 'चेक'ची एकच नोंद वाचून थांबू नका, नाम आणि क्रियापद वेगळं वाचा, शिवाय 'चेस', 'चेकर', 'चेक' (बँकेचा) आणि 'एक्स्चेकर' याही नोंदी उघडा. कोशांतल्या नेहमीच्या खुणा आधी समजावून द्या : 'ओएफ' म्हणजे जुनी फ्रेंच, 'एमई' म्हणजे मध्ययुगीन इंग्रजी, सालाआधी 'सी' आणि टिंब म्हणजे सुमारे, शब्दाआधी चांदणी म्हणजे तो शब्द लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी हिशेबानं मांडलाय. चांदणीवाला शब्द तक्त्यावर घेतलाच तर चांदणीसकट घ्यावा.

मराठी बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. दुसरी आवृत्ती 1857 ची, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यात शब्दापुढं कंसात एक अक्षर असतं : संस्कृतला एस, फारसीला पी, अरबीला ए, हिंदुस्तानीला एच. मुलीला 'शह', 'मात' आणि 'प्यादा' हे तीन शब्द तिथं शोधायला लावा. करवीर नगर वाचन मंदिरात माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश मिळतो का तेही विचारा. पटवर्धन म्हणजे कवी माधव ज्यूलियन, इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवायचे. शिक्षकांना हा कोल्हापुरी धागा आवडेल.

'प्यादा'वरून जाता जाता : इंग्रजी 'पॉन' 'चेक'सारखा फारसीतून गेलेला नाही, तो लॅटिनमधल्या पायदळाच्या शिपायावरून. तरी 'प्यादा' आणि 'पॉन' दोघांच्याही मुळाशी पायच आहे, आपलं 'पद' ज्यातून आलं तोच धातू. हत्तीला इंग्रजीत 'रूक' म्हणतात तो मात्र सरळ फारसी 'रुख'.

तक्ता फार सजवू नका. 22 बाय 28 इंची कार्डशीट आडवी धरा. मधोमध खाली 8 सेंटिमीटरचा चौरस, त्यात एकेक सेंटिमीटरची 64 घरं. पटाच्या खाली मूळ म्हणून चार पायऱ्या : शाह, स्काकुस, एस्चेक, चेक, प्रत्येकीपुढं भाषेचं नाव. पटातून वर दोन फांद्या, डावीकडं 'शह', उजवीकडं 'पट', बेचक्यात बँकेचा चेक. त्यासाठी खरा चेक किंवा त्याची झेरॉक्स चिकटवू नका, खाते क्रमांक सगळ्या शाळेला दिसतो. हातानं काढलेलं चित्र पुरे. दोन्ही फांद्यांवर मिळून बारापेक्षा जास्त पानं नकोत. प्रत्येक पानावर तीनच गोष्टी : शब्द, तो कोल्हापुरात कुठं दिसतो, आणि काय अडतं, काय ताडलं जातं किंवा कुठल्या चौकटी. उदाहरणार्थ, 'चेक व्हॉल्व्ह – नदीकाठचा शेतीपंप – पाणी उलटं फिरायचं अडतं.' पहिले दोन दिवस नुसती पानं गोळा करायची, कोश उघडायचाच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोश. पाचव्या दिवशी कच्चा आराखडा वर्तमानपत्रावर, कारण फांद्या हमखास एका बाजूला झुकतात : शहाच्या बाजूला आठ पानं होतात, पटाच्या बाजूला चार. झुकू दे, खरं चित्र तसंच आहे. पक्की प्रत सहाव्या दिवशी, उरलेले दोन दिवस तोंडी तयारीला.

मराठी अ‍ॅप आणि सरकारी फॉर्ममधला एक घोळ तिला पानाच्या मागं टिपून ठेवायला सांगा. अमेरिकन इंग्रजीत बरोबरच्या खुणेलाही 'चेक' म्हणतात, त्यामुळं 'चेक द बॉक्स'चं भाषांतर कुठंकुठं 'चौकट तपासा' असं झालेलं असतं. तपासायचं काही नसतं. चौकटीत खूण करायची असते.

आणि तुमची शंका. 'चेकनट' चोख इंग्रजी आहे, बिलावर बिनधास्त लिहा. पण बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून ऑर्डर आली तर नेमकं काय हवंय ते विचारून घ्या, कारण 'लॉकनट' म्हटलं की बरेच जण नायलॉन रिंगचा नट समजतात, आणि 'जॅमनट' म्हटलं की पातळ नट. भारतीय मानकात, आयएस 1364 भाग 4 मध्ये, नाव आहे 'हेक्सागॉन थिन नट'. एम10 ला, म्हणजे 10 मिलिमीटरच्या बोल्टला, नेहमीच्या नटाची जाडी जास्तीत जास्त 8.4 मिलिमीटर, पातळ नटाची 5. बसवताना पातळ नट खाली, जॉबला लागून, आणि पूर्ण जाडीचा त्याच्यावर. दोन्ही एकमेकांवर आवळल्यावर भार वरच्यावर जातो, म्हणून जाडा वर. बरीच पोरं उलटं बसवतात. बिलावर 'चेकनट (थिन), एम10' असं लिहून पुढं जीएसटीचा एचएसएन कोड 7318 टाका, म्हणजे खरेदी खात्यातून परत फोन येणार नाही.